दंडाची पावती

सीबीएससमोर कोर्टाच्या भिंतीला लागून माझं टेबल.
एकवीस वर्षं झाली.
आधी टाइपरायटर होता, त्याचा ‘ण’ अडकायचा,
आता लॅपटॉप आहे, प्रिंटरच्या डोक्यावर छत्री.
पानाचे पंधरा रुपये.
मधे कुणी रडलं तर त्याचे वेगळे लावत नाही.

सुरगाण्याच्या पहिल्या गाडीने ती आली.
युरियाच्या गोणीची शिवलेली पिशवी, पिशवीत कागद.
नाव? जिवलीबाई मावंजी थविल.
वय? ‘लिव्ह साठ.
सत्तर लिव्ह, त्यांना पटत आसंल तर.’

दावा नामंजूर. कारण : पुरावा अपुरा.
खाली बारीक अक्षरात,
उपग्रहाच्या छायाचित्रात सदर जागी झाडे दिसतात.
मी वाचून दाखवलं. ती म्हणाली,
‘दिसतीलच. दोन आंबे न् एक मोह. मीच लावल्यात.
वरून बघणाऱ्याला मी नाय दिसले का?’

मग सांगत गेली, मी टाइप करत गेलो.
ती म्हणाली, ‘आमी हितंच व्हतो.’
मी लिहिलं : अर्जदार सदर वनजमिनीवर पूर्वापार काबीज असून
स्वतः कसत आहे.
‘हे मी बोलले?’
हो.
ती स्क्रीनकडे बघत राहिली जरा वेळ.
‘लई शिकलेली बाई दिसती.’

नागली, वरई, उतारावर खुरासणी.
दगडाचा बांध : सासऱ्याने अर्धा, तिने अर्धा.
वाघदेवाला शेंदूर.
बांधाच्या कोपऱ्यात एक आडवा दगड,
त्याच्याखाली अकरा दिवसांचा मुलगा.
हे कुठल्या रकान्यात घालू, मला कळेना.
मोर्च्यात मुंबईपर्यंत चाललेली, कसाऱ्याच्या घाटात
चपलेचा अंगठा तुटला, तो हातात धरून चाललेली,
तेही मी लिहू लागलो तर तीच म्हणाली,
‘राहू दे. पाय काय पुरावा व्हतात?’

चहा आला. तिने बशीत ओतला.
मी प्रिंट काढायला वाकलो, तेव्हा पिशवीच्या तळातून
तिने आणखी एक कागद काढला, घडीवर फाटत आलेला,
आणि हाताखाली दाबून ठेवला.
‘हा कामाचा नाय. लाजंचा हाय.’

पावती. चौदा जून एक्क्याण्णव.
वनखात्याचा गोल शिक्का, जांभळा, अजून वाचता येतो.
कंपार्टमेंट नंबर. वनपालाची सही.
मावंजी देवा थविल याने वनात अतिक्रमण करून
नांगरट केल्याबद्दल दंड रुपये पन्नास.

दोन रात्री त्याला नाक्यावर बसवलेला.
तिने हातातला चांदीचा गोठ मोडला आणि सोडवून आणला.
पावती तीस-बत्तीस वर्षं लपवली,
नवरा गेला, सून आली, सुनेलाही दाखवली नाही.
घरात चोर होता म्हणून.

मी खुर्चीतून उठलोच.
बाई, हाच तर पुरावा!
ते म्हणतात तुम्ही तिथे नव्हता,
आणि इथे त्यांनीच लिहून दिलंय, तारीख घालून,
की होता, आणि नांगरत होता.

मला वाटलं ती हसेल.
शेजारचा स्टॅम्पवेंडर हसलासुद्धा.
ती पावतीवरून बोट फिरवत राहिली,
अक्षर येत नाही तिला, शिक्क्यावरून फिरवत राहिली.
मग म्हणाली,
‘म्हंजे त्या दिशी त्यांनी धरलं,
ते आमच्या भल्याचं झालं व्हय?’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
मी नवं पान उघडलं.

‘नांगराचं लिव्ह,’ ती म्हणाली.
‘नांगर नेलेला त्यांनी. तो परत नाय दिला.’
अर्जात तसा रकाना नाही.
मी ‘इतर’च्या पुढे टिंब दिलं, न सुधारता तिचंच वाक्य टाइप केलं.
नांगर नेलेला त्यांनी. तो परत नाय दिला.
वाचून दाखवलं. तिने मान हलवली,
पंचेचाळीस रुपये मोजले, सुट्टे, परत एकदा मोजले.

उठताना टेबलावर वाकली, आवाज खाली घेऊन म्हणाली,
‘खैराचा व्हता.
हे मातर लिव्हू नको,
त्याचा आनि येगळा दंड लागंल.’