खुर्ची खिडकीकडे

थंडर बेमध्ये नोव्हेंबर लागला
की हीटर हवेतलं सगळं पाणी पिऊन टाकतो.
माणसांचे ओठ फुटतात, लाकडी गिटारींची अंगं.
म्हणून साबणाच्या डबीला भोकं पाडून
मी केसमध्ये ओला स्पंज ठेवतो,
आणि आइला म्हणते, माझ्या गुडघ्यांचं
असं कुणी केलं असतं तर.

दिवसभर मी बंदरावर, धान्याच्या कोठारात,
जहाजात गहू सोडणाऱ्या पट्ट्यांपाशी.
रात्री तळघरात.
एफ कॉर्ड धरली की पहिली तार
काचेवर माशी आपटावी तशी टक् करते.
मी सत्तावन्नचा झालो.
एफ अजून एकविशीतच आहे,
माझ्याकडे बघतसुद्धा नाही.

मग मी दोष शोधतो.
तारा गंजल्यात. दहाच्या जाड पडतात, नऊच्या हव्यात.
उर्हो दुकानातून म्हणतो, पिकअप बदलून बघ.
बदलले. मग केबल.
मग पायाखालची हिरवी पेटी,
तिच्यावर तीन बटणं,
तिन्ही मी मधोमध ठेवतो,
न जाणो.
पिक तेवढे दर महिन्याला हरवतात
आणि वॉशिंग मशीनच्या तळाशी सापडतात,
स्वच्छ, जणू कधी वाजलेच नाहीत.

पण खरा छळ घूंचा.
लाल गिटार अँपला जोडली
की माझ्याआधी तोच सुरू व्हायचा,
रिकाम्या घरात फ्रीज बोलतो तसा.
अकरा वर्षं.
शेवटी विकायला काढली.
कागदावर लिहिलं: थोडा आवाज करते.
नवीचे निम्मे पैसे तरी सुटणार होते.
नवीचा फोटो माझ्या पाकिटात आहे,
आइलाच्या फोटोमागे.

शनिवारी एक मुलगी आली, डेलीन, सतरा-अठराची.
बर्फाचे बूट दाराशी काढून
मोज्यांवर जिना उतरली. एका मोज्याला भोक.
बाप बाहेर ट्रकमध्येच, इंजिन चालू ठेवून,
म्हणजे घाई असावी, किंवा पैसे मोजके.
मी आधीच सांगून टाकलं,
हिचा घूं काही जात नाही.
तिने कान दिला.
मग गिटार गळ्यात तशीच ठेवून
सावकाश वळत गेली,
वारा कुठून येतोय ते बघावं तशी.
भिंत. शिडी. वॉशिंग मशीन.
वरच्या चिंचोळ्या खिडकीसमोर आली
आणि घूं थांबला.
"इकडे तोंड करून बसायचं," म्हणाली.

अकरा वर्षं मी भिंतीकडे तोंड करून बसत होतो,
कारण सॉकेट तिकडे होतं.

नंतर तिने वाजवलं.
गाणं नव्हे, चार-पाच सूर,
पुन्हा तेच, मध्ये थांबून.
ती थांबली की गिटारही थांबायची.
हे मला नवीन होतं.
अंगण सरळच होतं की,
वाकडी होती ती खुर्ची,
आणि थोडा मीही, पण ते तिला कशाला सांगा.

तिने विसाच्या नोटा ओठ हलवत मोजल्या.
मी साठ डॉलर कमी घेतले.
वर एक स्पंजही दिला, डबीसकट.
लाल गिटार अंगाने भरीव,
तिला स्पंज लागत नाही,
हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.
तिने थँक्यू म्हणून तो खिशात घातला.

नवी कधी आणणार, आइलाने वरून विचारलं.
बघू, म्हणालो.

रात्री जुनी लाकडी गिटार काढली.
तिला ना वायर, ना घूं,
तिला कुठल्याही दिशेला बसवा, सारखंच.
तरी खुर्ची फिरवली.
खिडकी जमिनीलगतची,
त्यामुळे माणसं दिसत नाहीत, नुसते पाय.
शेजारच्या मिसेस कोवालचुक
गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होत्या,
त्यांचे तपकिरी बूट, खर्र, खर्र, जरा थांबून, खर्र,
बऱ्यापैकी तालात.
मी एफ धरली.
टक्.