बावीस टक्के

वाकडचा पंप, पहाटेचे पावणेचार.
मशीनवरचा पोरगा मफलर न सोडता विचारतो,
“काका, नायट्रोजन की साधी?”
चहाच्या टपरीवर स्पेशल की साधा
विचारावं, तसं.

मागे जर्मनीला निघालेला एक मुलगा,
मोबाईलच्या उजेडात अर्धा चेहरा.
डिकीत दोन बॅगा, तेवीस-तेवीस किलो,
कोथरूडात तीनदा काट्यावर चढवलेल्या.
थालीपिठाच्या भाजणीसाठी
एक स्वेटर शेवटच्या क्षणी बाहेर काढलेला.

चाकाला वीस. चार चाकं, ऐंशी.

माझी धाकटी, प्रांजल, नववीत आहे.
ती म्हणते, पप्पा, हवेत
अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजन असतोच.
तुम्ही पैसे देता ते उरलेल्या बावीसचे.
म्हणजे सतरा रुपये साठ पैसे.
बाकीचे त्यांनी परत करायला हवेत.
पुस्तक मिटून ती झोपायला जाते,
आणि मी बावीस टक्क्यांसोबत जागा.

वारज्याच्या पुलाखाली कुंजुमोन.
तीस वर्षं पुण्यात, मराठीत अजून
टायर कधी ‘तो’, कधी ‘ती’.
माझ्या व्हॉल्व्हची हिरवी टोपणं बघून म्हणाला,
“हवेला रंग नाय. टोपणाला रंग.
विमानाला नायट्रोजन पायजे, रेसला पायजे.
कमी गळतो, खरा हाय. थोडा कमी.
तुला काय पायजे?
तुला रविवारी यायला पायजे.
सकाळी. टायर गार असताना.”
खिशातून पेनासारखा गेज काढला,
फुस्स, आणि पांढरी पट्टी बाहेर.
“सत्तावीस,” म्हणाला. पैसे घेतले नाहीत.
त्याचंच जास्त लागलं.

दिगंबर थोपटे मात्र कायम नायट्रोजनवाला.
भोरचा माणूस, गाडी देव्हाऱ्यासारखी पुसायचा.
चारही टोपणं हिरवी,
एक हरवलं तर दुसऱ्या दिवशी नवीन.
मे महिना, दुपार, कामशेतच्या पुढे,
उजवा मागचा.
थोपटे वाचला.
आता भोर स्टँडबाहेर रसाचं गुऱ्हाळ चालवतो,
आणि पुण्याला यायचं झालं तर एसटीने येतो,
मधल्या सीटवर बसून.
टायर सात वर्षांचा होता.
बाजूला चार आकडे कोरलेले असतात,
आठवडा आणि साल.
आत काय भरलंय ते सगळ्यांनी विचारलं,
ते आकडे कुणीच वाचले नव्हते.
मीसुद्धा नाही. शेजारीच तर गाडी लावायचो.

त्यानंतर चार महिने मी नायट्रोजनच भरला.
प्रांजलला सांगितलं नाही.
विश्वास होता म्हणून नव्हे.
मशीनवरचा पोरगा चारदा खाली बसतो,
चारदा चाकाला हात लावतो.
वीस रुपयांत
आपल्या गाडीपुढे कोण बसतं गुडघ्यावर?
आपण स्वतः बसतो का?

“काका, लवकर सांगा. मागे लाईन आहे.”
मागे कुणीच नाही. एक कुत्रं आहे.

“साधी,” मी म्हणतो. “पण आधी मोज.
आणि थांब, मी पण उतरतो.”

पुढचे दोन्ही तेहतीस.
मागचा डावा बत्तीस.
मागचा उजवा सव्वीस.
पोरगा माझ्याकडे बघतो, मी आकड्याकडे.
मागच्या उजव्याच्या बरोबर वर
जर्मनी बसली आहे,
तिने मान वर केलेली नाही.

“स्टेपनी पण बघ.”
“त्याचे वेगळे पडतील.”
“पडू देत.”

मग बॅगा उतरवाव्या लागल्या.
तेवीस किलो, पुन्हा तेवीस किलो,
पंपाच्या तेलकट फरशीवर.
मुलगा शेवटी खाली उतरला,
भाजणीची पिशवी छातीशी धरून
उभा राहिला थंडीत,
फ्लाईट साडेनऊची आहे म्हणाला दोनदा.

मॅट वर केलं. टॉर्च मारला.
कंपनीतून आली तेव्हापासून
तशीच पडलेली, काळीभोर, कोरी,
अंगावर पिवळा पट्टासुद्धा शाबूत.

पोरग्याने नळी लावली.

“अकरा,” म्हणाला.