पिवळा मे

हाएनच्या टेकड्यांवर मे महिन्यात
धूळ बसत नाही, मोहर बसतो.
माझ्या औषधाच्या दुकानाच्या पाटीवर, मोटारींच्या काचांवर,
चर्चच्या पायरीवर झोपलेल्या कुत्र्याच्या पाठीवर.
बोट फिरवलं की पिवळी रेघ.

एउफ्रासिओ आला तो काळा चष्मा लावून.
"सर्दी झालीय," म्हणाला, "तिसरा आठवडा."
आणि दाराशीच शिंकला. मी मोजत राहिले.
नाकी नऊ, अक्षरशः.

ताप? नाही.
अंग मोडून येतं? नाही.
शेंबूड घट्ट, हिरवट?
"पाणी गं पोरी, नुसतं पाणी, नळ गळावा तसं."
खाज?
त्यानं चष्मा काढला.
चोळून चोळून पापण्यांच्या कडा सोललेल्या.
"इथं," जीभ टाळूला घासत म्हणाला,
"आत. जिथं बोट पोचत नाही तिथं."

सर्दीला अशी खाज नसते, एउफ्रासिओ.
सर्दी आठ-दहा दिवसांत कंटाळून निघून जाते.
ही मोहर गळेपर्यंत हलायची नाही.

"ऑलिव्हचा मोहर?"
हसला, आणि मध्येच थांबला.
चारशे बारा झाडं त्याची.
"माझ्या बापाची झाडं मला शिंकायला लावतील?"
जणू त्याच्या घरातल्या कुणाचं नाव
मी चोरीत घेतलं होतं.

डॉक्टरांकडे धाडलं. त्यांनी हातावर थेंब ठेवून टोचलं.
मांजर: काही नाही. धूळ: काही नाही.
ऑलिव्हच्या थेंबाखाली
वाटाण्याएवढी गांध.

मग मी कागदी पिशवीवर लिहून दिलं, मोठ्या अक्षरांत,
कारण वाचायचा चष्मा तो विसरतोच:
गोळी, रोज एक. झोप आणणारी जुनी नको, ट्रॅक्टर चालवायचाय.
नाकात फवारा, बरं वाटलं तरी रोज;
नळीचं तोंड मधल्या पडद्याकडे नाही, कानाकडे.
रानातून आलास की आधी अंघोळ, केसांवरून, मग जेवण.
शर्ट बाहेर दोरीवर नको.
डोळे चोळू नकोस. गार पाण्याची घडी.
पुढच्या वर्षी मोहराच्या आधीच ये.
आणि पिशवीच्या पाठीवर, लाल पेनानं:
छातीत शिट्टी वाजली, श्वास अडला, जीभ सुजली
तर माझ्याकडे येऊ नकोस. एकशे बारा फिरव.

"दोन पाकिटं दे," म्हणाला.
"सिप्रियानोपण शिंकतो. भाऊ माझा.
तो यायचा नाही, माझ्याहून हट्टी."

दहा दिवसांनी सिप्रियानो गेला. हृदय.
दफनाला अख्खं गाव, आणि दफनभूमी
झाडांच्या ऐन मध्ये.
सगळ्यांची नाकं वाहत होती, सगळ्यांचे डोळे,
पाद्री प्रार्थनेत दोनदा शिंकले,
सिप्रियानोला न ओळखणारेही
रडल्यासारखे दिसत होते.
फक्त एउफ्रासिओचे डोळे स्वच्छ,
नुकत्या पुसलेल्या काचेसारखे.
बायका बोलल्या. मी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी आला,
रक्तदाबाच्या यंत्रासमोर बसला. बाही वर केली नाही.
"तुझी गोळी," म्हणाला, "तेही थांबवते का?"

नाही. ते तिच्या हातात नाही.

"कागद बघून सांग."

मी खोक्यातला पातळ कागद उलगडला.
तोंड कोरडं पडणं. थकवा. डोकेदुखी.
तिथं थांबले. पुन्हा पहिल्यापासून वाचलं,
कारण तो वाट बघत होता.

मग त्यानं स्वतःच पट्ट्यात हात घातला.
आकडे चढत असताना म्हणाला,
"तळाकडची साठ झाडं आम्ही दोघांनी लावली.
तो खणायचा. मी पाणी आणायचो.
खड्डा जरा वाकडा झाला तर शिव्या मलाच."
यंत्र वाजलं. आकडा जास्त होता.
"असू दे," तो म्हणाला.

"उद्या तिकडं जायचंय. मास्क आहे?"
मी दोन काढले.
त्यानं एक
परत सरकवला.