उंची पाच फूट साडेतीन इंच

लेकीच्या व्हॅलिडिटीला हवा होता
एखादा कागद, पन्नास सालाआधीचा.
आजोबांचा दाखला वाळवीनं खाल्लेला,
पणजोबा शाळेपर्यंत गेले ते गुरं हाकत.
मी यावलचा वायरमन. खांबावर चढलो की
कुठली तार कुठल्या घरात जाते, एवढं मला कळतं.
ही तार मात्र मागंमागंच जात होती
आणि मधले खांब कुणी उपटून नेलेले.

धुळ्याला मोडी वाचणारे भदाणे नाना आहेत.
पानाला शंभर रुपये.
"तडवी ना? मग धरणगावची बाडं बघू," म्हणाले,
"भिल्लांची पलटण होती तिथं."
पलटण? आमच्यात?
आमच्या घरात दारूगोळा म्हणजे
रानडुकरं केळीत शिरली की फोडायचा सुतळी बॉम्ब.

तिसऱ्या खेपेला, मे महिन्यात, पंखा बंद,
नानांचं बोट एका ओळीवर थांबलं.
सुपडू वलद चांदखाँ, राहणार जामुनझिरे.
जात भिल्ल तडवी. हुद्दा शिपाई.
उंची पाच फूट साडेतीन इंच.
कपाळावर देवीचे व्रण.
उजव्या कानाची पाळी फाटलेली.

सुपडू.
म्हणजे आधीची पोरं जगली नसणार.
आईनं सुपात घालून उंबऱ्याबाहेर ओढलं असणार,
नकोसं आहे म्हणून, मरणानं बघू नये म्हणून.
आणि असं चोरून ठेवलेलं पोर
कुणीतरी भिंतीला उभं करून मोजलं,
कान बघितला, लिहून घेतलं.

मी पण उठून भिंतीला पाठ लावली.
भरतीत माझी पाच फूट चार भरली होती.
बुटांसकट.

घरी फोन केला. रुबाबकाकांनी
सावद्याहून किलोभर पेढे आणले,
"फौजी खानदान" म्हणत गल्लीभर फिरले.
भाच्यानं स्टेटसला वाघ ठेवला.

नाना अजून पानं उलटत होते.
"हे पण बघून घ्या." आवाज खाली आलेला.
दुसरं बाड. डोंगरात धरलेल्यांची यादी.
अनुक्रमांक एकवीस:
सुपडू वलद चांदखाँ, राहणार जामुनझिरे.
उंची नाही. कानाचं काही नाही.
सजेच्या रकान्यात एकच शब्द
आणि नेमकी त्याच्यावर शाई सांडलेली.

दोघं असतील, नाना म्हणाले,
तुमच्यात सुपडू काय, दर तिसऱ्या घरात.
नाहीतर एकच. आधी पगार घेतला, मग बंदुकीसकट पळाला.
नाहीतर एकानं दुसऱ्याला...
पुढं बोलले नाहीत. चष्मा पुसत बसले.
दुसऱ्या पानाचे पैसे घेतले नाहीत.

समितीला पहिला कागद पुरला.
ज्यांनी आम्हाला मोजलं, त्यांच्याच टाकानं
आम्ही आम्हीच आहोत हे सिद्ध झालं. शिक्का बसला.
काकांनी तो फ्रेम करून दिवाणखान्यात लावला,
खाली लाइटिंगची माळ. माळेचं कनेक्शन मीच दिलं.

दुसरा माझ्या हत्यारांच्या पिशवीत असतो,
पक्कड आणि टेस्टरच्या खाली, चार घड्यांत.
रात्री डोंगराकडच्या पाड्याचा फॉल्ट आला
की तो पाठीवर घेऊन मी खांब चढतो.
वरून सातपुडा दिसत नाही,
फक्त जिथं दिवे संपतात तिथं तो सुरू होतो.
त्या काळोखात कोण वर चढत होतं
आणि कोण खालून नेम धरून होतं,
मला कुठल्याच बाजूनं सांगता येत नाही.

नजमीन जळगावला निघाली त्या दिवशी
तिला दोन्ही कागद दाखवले.
कळण्याची भाकर डब्यात भरता भरता
तिनं दोन्ही वाचले, दोनदा.
मला वाटलं, विचारेल: आपला कुठला?

"बाबा, पाळी फाटली म्हणजे
बाळी कुणीतरी ओढली असणार ना?"
आणि स्वतःच्या कानातलं
चिमटीत धरून उभी राहिली,
यष्टी हॉर्न देत होती तरी.