पाईप असेल

रविवारी दुपारी टक् टक् ऐकू आली तेव्हा
मी रात्रपाळी करून नुकता आडवा झालो होतो.
रेडिएटरमध्ये हवा अडकली असेल, म्हटलं,
नोव्हेंबरात संडरलँडमधल्या सगळ्याच घरांचे पाईप खोकतात.
उठून पाणी प्यायलो, उशी कानावर घेतली.

वर मिस्टर हेस्लप
पलंग आणि कपाट यांच्या मधल्या हातभर जागेत
डाव्या कुशीवर पडले होते,
लग्नाच्या अंगठीने लाकडी जमीन ठोकत.
पहाटे चारपासून. एकूण एकतीस तास.

सोमवारी गॅस तपासायला आलेल्या बाईने दार उघडवलं.
मी जिन्यात होतो, हातात कप.
स्ट्रेचर माझ्या खांद्याला घासून खाली गेलं.

त्या आजाराचं नाव लांबलचक आहे,
मी नर्सकडून पावतीच्या मागे लिहून घेतलं.
मग तिने सोपं करून सांगितलं:
आपल्याच वजनाखाली दबलेली मांडी आतून फुटते,
पेशींची कुंपणं पडतात,
आणि आत कोंडलेलं सगळं रक्तात निघतं.
पोटॅशियम, जे काळजाचा ठोका चुकवतं.
आणि ते लाल प्रथिन,
जे जन्मभर स्नायूसाठी प्राणवायू राखून ठेवतं
आणि सुटलं की मूत्रपिंडाच्या केसाएवढ्या नळ्यांत
गाळासारखं बसतं.
दाब असतो तोवर बरंचसं विष थोपून असतं, ती म्हणाली,
माणूस उचलला की धावतं.
म्हणजे उचलणाऱ्यानेच?
तसं नाही, ती म्हणाली. उशीर.

पिशवीत कोऱ्या चहाच्या रंगाची लघवी.
तासाला दोन चमचे.
मग तीही नाही.

वेल्डर होते ते. अठ्ठावीस वर्षं
जहाजांच्या पोटात उताणे पडून सांधे जोडले.
आपल्याकडे म्हणतात, अंग मोडून काम केलं,
आणि कौतुकाने म्हणतात.
मोडलेलं अंग मी कागदावर पाहिलं,
जिथे दोनशेच्या आसपास हवा
तिथे ब्याण्णव हजार.

शेजारच्या खाटेवर एकोणीस वर्षांची मुलगी,
पैजेवर पाचशे उठाबशा काढलेली.
पलीकडे एक शिक्षक, कोलेस्टेरॉलच्या गोळीवर
भलतीच दुसरी गोळी पडलेली.
खिडकीपाशी एक पोरगा, काय घेतलं होतं ते सांगेना.
कुठून कुठून आलेली माणसं
एकाच चाळणीपाशी तुंबलेली.

मी केळी घेऊन गेलो.
नर्सने दारातच परत दिली: पोटॅशियम!
बसस्टॉपवर, पावसात, सहाच्या सहा मीच खाल्ली.

डायलिसिसच्या यंत्रालाही एक आवाज असतो.
पहिल्या दिवशी तो ऐकून
मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो.

सतराव्या दिवशी सांगितलं,
मला ऐकू आलं होतं.
ते छताकडे बघत होते.
"मलाही तुझा नळ ऐकू आला," म्हणाले.
"वाटलं, रात्रपाळीचा पोरगा आहे,
झोप झाली की येईल."
रागावले असते तर बरं झालं असतं.

बाविसाव्या दिवशी पिशवीत साठ मिली.
फिकट, गवती रंगाची.
नर्सने ती उजेडाकडे धरली तेव्हा
आम्ही तिघंही काही बोललो नाही.

आता ते घरी आहेत. डावा पाय ओढत चालतात,
रक्त महिन्यातून एकदा तपासतात,
पाणी मोजून पितात.
आणि थंडी पडली की
टक् टक् होते,
मी झोपेतून उठून अनवाणी जिना चढतो,
दार ठोकतो.

"अरे," आतून वैतागून येतं,
"पाईप आहे तो."