चार चौकोन

एल आल्तोच्या रात्रशाळेत ओस्वाल्दो मास्तर
फळ्यावर चार चौकोन काढतात:
कायदा, कारभार, न्याय, निवडणूक.
बाण खाली उतरतात,
तळाच्या वर्तुळात शिरतात. त्यात लिहिलंय, जनता.

बासिलिया दिवसभर बटाटे विकून आलेली,
वय एकसष्ट, रेघ वाकडी.
"बाणाला टोक एकाच बाजूला का?"

मास्तर खडूचा हात पँटला पुसतात.
"पाच वर्षांनी एक वर जातो,"
आणि काढतात तो, तुटक रेषेनं.

ती उठते. वर्तुळाबाहेर
दगड काढते, एक, दोन, सात,
हमरस्त्यावर आडवे.
"त्या ऑक्टोबरातले. ह्या तिसऱ्यापाशी
माझा भाऊ बसला होता."

"परीक्षेत येणार नाही हे."
"ठाऊक आहे."

सगळे वहीत उतरवून घेतात.
कुणाचे दगड गोल,
बरेचसे बटाट्यासारखे.