गरम असतानाच आण

दुकानात नेली की ती शहाण्यासारखी वागायची.
तिसऱ्या झटक्याला सुरू, आवाज खणखणीत,
इतका, की कोपरखैरण्यातला पोरगा मला म्हणाला,
काका, मशीनला काही नाही झालेलं,
तुमचाच हात थकला असेल.
प्लग बदलून त्याने दोनशे घेतले.
घणसोलीतल्याने कार्बोरेटर धुतला, चारशे.
तिसऱ्याने नुसती हलवून पाहिली
आणि नव्या मॉडेलचा कागद पुढे सरकवला.

पण मला ठाऊक होतं ना.
वीस मिनिटं खोड कापायची, दुधीभोपळा कापावा तशी.
मग रिकामी धरली असताना उगाच वर चढायची,
कुणी पळ म्हटलं नसताना पळायची,
आणि ट्रिगर दाबला की ठसका लागल्यासारखी
हूं करून गप्प.
मग दोरी ओढून खांदा निखळो.
चहा पिऊन आलो की पुन्हा सुरू,
जसा काही तिलाच चहा हवा होता.

तुर्भ्याला इस्माईल मुकादम म्हणून आहे एक,
बॅटरीवाल्याच्या मागे, पाटीबिटी नाही.
त्याने तर हातसुद्धा लावला नाही.
थंड मशीन मला काय सांगणार, म्हणाला,
ताप चढला की आण.

म्हणून शनिवारी,
सेक्टर पंधराच्या बागेत आडवा पडलेला सुबाभूळ
अर्ध्या कापावर सोडला.
ती गुदमरली त्या क्षणी
गोणपाटात गुंडाळून रोहिदासच्या मांडीवर दिली
आणि स्कूटरला किक मारली.

जन्मभर गरम गोष्टी निवायची वाट पाहिली,
डाळ, सायलेन्सर, ठेकेदाराचं डोकं.
त्या दिवशी पहिल्यांदा
काही निवू नये म्हणून धावत होतो.
पावण्याच्या सिग्नलला नव्वद आकडा, लाल.
पुढे केमिकलचा टँकर, मागे हॉर्न,
आणि रोहिदास गोणपाटावर तळवा ठेवून
आहे अजून, म्हणत होता.
आहे.
आहे हो मामा, मांडी भाजतेय.

मुकादमने आधी टाकीचं झाकण सैल केलं, कान लावला.
फुस्स झालं नाही.
प्लग काढून सिलिंडरला टेकवला, दोरी ओढली:
ठिणगी निळी, ठसठशीत.
मग विचारलं, चोक अर्धा ओढला की बरं वाटतं का तिला?
वाटतं, मी म्हटलं. मला कुणी विचारलंच नव्हतं.

चोकवर कशीबशी धुसफुसत उठली.
त्याने कार्बोरेटरच्या मागे स्प्रेची एक चुळूक मारली
आणि तिचा सूर बदलला,
झोपेत नाव ऐकल्यावर माणसाचा श्वास बदलतो तसा.
इथून, तो म्हणाला.
इथून चोरून हवा पितेय ही.
पेट्रोल कमी, पोटात नुसता वारा.

अंगठ्याएवढा रबरी बूट काढून त्याने वाकवला.
केसाएवढी चीर.
गार असताना मिटलेली,
तापलं की ओठ उघडणारी.
म्हणजे त्या तिघांनी खोटं सांगितलं नव्हतं.
त्यांच्यासमोर ती मिटूनच बसली होती.

खिळ्याला टांगलेल्या एका मेलेल्या मशीनचा बूट
त्याने हिला चढवला.
दीडशे झाले, म्हणाला,
आणि पोराच्या मांडीला काहीतरी लाव.

दुपारी तोच अर्धा काप पुढे चालवला.
पंधरा मिनिटं. अठरा.
विसाव्याला रोहिदास पाहायचा थांबून माझ्याकडे पाहू लागला.
एकविसाव्याला मी खोडातून पातं बाहेर काढलं,
मोकळी धरली आणि ऐकत राहिलो.
पळाली नाही. उभ्या जागी
टुकटुक करत राहिली, म्हाताऱ्या बाईसारखी.

ओंडका पडला तेव्हा सुपरवायझर आला.
सकाळच्या आणि दुपारच्या कापात सूतभर फरक होता,
त्यावर बोट फिरवून म्हणाला, वाकडं झालं.

हो, म्हटलं. झालं.